चढाईचे धडे, चित्रफितीच्या आरशात

प्रस्तरारोहण हा दंडाच्या ताकदीचा खेळ आहे, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. त्यामुळे सुट्टीतील शिबिरात प्रथमच कातळाला किंवा कृत्रिम भिंतीला भिडणारा मुलगा सगळा भार हातांवर टाकतो. पाच-दहा मिनिटांतच त्याचे हात भरून येतात, बोटे उघडू लागतात आणि ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून तो खाली उतरतो. खरे तर त्याची ताकद कमी पडलेली नसते. चूक चढण्याच्या पद्धतीत असते आणि ती चूक त्याला स्वतःला दिसत नाही.

हात का भरून येतात? आपण एखादी कपार घट्ट पकडली की पुढच्या हाताचे स्नायू आवळले जातात. त्यांच्यातील रक्तवाहिन्यांवर दाब पडून रक्तप्रवाह मंदावतो आणि स्नायू लवकर थकतात. कोपरातून वाकलेल्या हातांवर लटकल्यास हा थकवा आणखी लवकर येतो. मांड्या व पोटऱ्यांचे स्नायू हातांपेक्षा कितीतरी बलवान असतात. म्हणूनच जाणकार आरोहक हात शक्यतो सरळ ठेवतो आणि पायांच्या जोरावर शरीर वर ढकलतो.

हे सारे प्रशिक्षक तोंडाने सांगतातच. ‘कंबर भिंतीजवळ आण, पायाकडे बघ’ ही वाक्ये प्रत्येक शिबिरात ऐकू येतात. अडचण अशी, की नवख्याला आपली कंबर भिंतीजवळच आहे असे प्रामाणिकपणे वाटत असते. चढताना मन पडण्याच्या भीतीत गुंतलेले असल्यामुळे शरीराची नेमकी स्थिती उमगत नाही. अशा वेळी चित्रफीत आरशाचे काम करते. पूर्वी यासाठी महागडा व्हिडिओ कॅमेरा लागे, आता साधा मोबाईल पुरतो.

चित्रीकरण कसे करावे?

मोबाईल तिकाटण्यावर ठेवावा. आरोहकाच्या मागे, किंचित बाजूला, डोक्यापासून पायांपर्यंत संपूर्ण शरीर दिसेल अशी जागा निवडावी. एका वेळी मिनिटभराची चढाई पुरे. चित्रफीत दाखवण्यापूर्वी प्रशिक्षकाने विचारावे, ‘तुला काय वाटले? कुठे अडलास?’ मग चित्रफीत दाखवावी आणि एकच गोष्ट निवडून सांगावी. उदाहरणार्थ, पाऊल टेकण्याआधीच नजर वर गेली, किंवा पायाच्या चवड्याऐवजी तळव्याचा मध्य कपारीवर पडला. त्यानंतर लगेच तीच चढाई पुन्हा करून घ्यावी. नुसती फीत दाखवून सोडून दिल्यास नवख्याला नेमके काय पाहायचे हेच कळत नाही.

मात्र हे औषधही बेतानेच द्यावे. सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ मध्ये हालचालींच्या शिक्षणावरील प्रयोगांचा आढावा घेतला. प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगत गेल्यास सरावात प्रगती दिसते, पण ती मदत काढून घेताच शिकणारा मागे पडू शकतो, असे त्यात मांडले होते. तेव्हा दर तीन-चार प्रयत्नांनी एकदा, शक्यतो विद्यार्थ्याने मागितल्यावर, फीत दाखवणे बरे. चारचौघांत फीत लावून कुणाची थट्टा मात्र करू नये. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांच्या फिती इतरांना पाठवूही नयेत.

बोटांची काळजी

बोटांतील स्नायुरज्जू हाडांलगत धरून ठेवणारे कड्यांसारखे पट्टे असतात. पाय निसटून सगळा भार अचानक बोटांवर आला की हे पट्टे दुखावतात, बहुधा अनामिकेचे. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण स्नायुरज्जू आणि पट्ट्यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. वाढत्या वयातील मुलांच्या बोटांच्या हाडांत वाढीचा भाग अजून कोवळा असतो. बोटाचे मधले पेर दुखत राहिल्यास ‘मुरगळले असेल’ म्हणून चोळत बसू नये. चढाई थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पायांवर भार घेण्याची सवय हाच यावरचा खरा प्रतिबंध आहे, आणि ती सवय लावण्यास चित्रफीत मदत करते.

सर्वांत महत्त्वाची सूचना सुरक्षिततेची. खालून दोर सांभाळणाऱ्याने चित्रीकरण कधीही करू नये. त्याचा एक हात सतत दोरावर असलाच पाहिजे. उलट, अधूनमधून त्याचेही चित्रण करून तो हात दोरावरून सुटतो का, हे तपासावे. हेल्मेट, कंबरपट्टा आणि गाठी यांची तपासणी चढण्यापूर्वी दोघांनी मिळून करावी. चित्रफीत चढण्याची पद्धत सुधारते, प्रशिक्षकाची जागा ती घेऊ शकत नाही.

टोकियोत २०२१ साली झालेल्या ऑलिम्पिकमध्ये या खेळाला प्रथम स्थान मिळाले आणि मुलांची ओढ वाढली. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या आपल्या मुलांना ती असणारच. त्यांना अडवण्यापेक्षा शिबिरात नाव घालण्यापूर्वी तेथे प्रशिक्षक किती, दोर कोण सांभाळतो आणि चुका कशा दाखवल्या जातात, एवढी चौकशी पालकांनी अवश्य करावी.