बंद पडणाऱ्या हार्ड डिस्कमधील दप्तर

उल्हास नदीच्या काठी वसलेल्या बदलापूर गावास पुराची धास्ती नवी नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत नदीचे पाणी वस्तीत शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा प्रसंगी माणसांच्या खालोखाल चिंता असते ती दप्तराची. पूर्वी हे दप्तर रुमालात बांधून फळीवर ठेवले जाई. आज शाळेची पटनोंदणी, पंचायतीची कर-आकारणी, विकासकामांची छायाचित्रे हे सारे तळहाताएवढ्या बाह्य हार्ड डिस्कमध्ये मावते. ही डिस्क पाण्याने, धक्क्याने किंवा केवळ वयोमानाने बंद पडू शकते. तीतील माहिती परत मिळेल की नाही, हे बहुधा बिघाड लक्षात आल्यानंतर प्रथम काय केले जाते, यावर ठरते.

डिस्क का बिघडते?

डिस्कच्या आत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. अनेक बाह्य डिस्कमध्ये त्या मिनिटास ५,४०० वेळा, म्हणजे सेकंदास ९० वेळा फिरतात. माहिती वाचणारे शीर्ष तबकडीस स्पर्श न करता, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. डिस्क पडली की हे शीर्ष तबकडीवर घासण्याचा संभव असतो. जेथील लेप खरवडला जातो, तेथील माहिती कायमची नष्ट होते. एकसारखा ‘टक्‌-टक्‌’ आवाज, फाइल उघडण्यास लागणारा विलंब, डिस्क मध्येच दिसेनाशी होणे ही धोक्याची लक्षणे होत.

प्रथम थांबावे

आवाज येऊ लागताच डिस्क बंद करावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिल्याने हानी वाढते. आवाज नसेल, तर केबल बदलून व दुसऱ्या संगणकास जोडून एकदा पाहावे. कित्येकदा दोष केबलचाच असतो. ‘फॉरमॅट करावयाचे काय?’ असा प्रश्न पडद्यावर आला, तर नकार द्यावा. संगणकातील ‘चेक डिस्क’सारखी दुरुस्तीची सोयही तूर्त वापरू नये, कारण ती मूळ डिस्कवरच बदल करते.

प्रत आधी, दुरुस्ती नंतर

डिस्क अद्याप वाचता येत असेल, तर अत्यावश्यक फाइली प्रथम दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. नंतर संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढावी. ‘डीडीरेस्क्यू’ ही विनामूल्य आज्ञावली आधी सुस्थितीतील भाग उतरवून घेते, खराब भागांची नोंद ठेवते आणि मग त्यांच्याकडे परत वळते. पुढील सर्व शोध या प्रतीवरच घ्यावा. चुकून पुसलेल्या फाइलींच्या बाबतीतही हार्ड डिस्कवर सहसा केवळ सूचीतील नोंद जाते. त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर शिल्लक असतो. म्हणून परत मिळालेली फाइल त्याच डिस्कवर साठवू नये.

भिजलेली डिस्क

पुरात भिजलेली डिस्क चालू करू नये, उन्हात वाळवू नये, तांदळात किंवा शीतकपाटातही ठेवू नये. पाणी सुकले की त्यातील गाळ व क्षार तबकडीवर चिकटतात. डिस्क ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तज्ज्ञांकडे पाठवावी. तिचे झाकण कार्यालयात उघडू नये. शीर्ष आणि तबकडी यांतील अंतरापेक्षा हवेतील धूलिकण कितीतरी मोठा असतो. डिस्क बाहेर देण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी अनुमती व गोपनीयतेची हमी घ्यावी, कारण तीत नागरिकांची माहिती असते.

तज्ज्ञांचे काम कोठवर पोहोचते, याचे एक उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ अंतराळयान कोसळले. त्याच्या अवशेषांत सापडलेल्या एका जळक्या डिस्कमधून सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळविण्यात आली, कारण तबकड्यांचा माहिती असलेला भाग शाबूत होता. लेपच गेला असता, तर हे शक्य झाले नसते.

खरा उपाय

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या फाइली भस्मसात झाल्या. एकाच इमारतीतील एकच प्रत म्हणजे सुरक्षितता नव्हे, हा त्यातील धडा कागदास लागू आहे तसा डिस्कलाही. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी. नदीकाठच्या कार्यालयाने ती पूररेषेबाहेर ठेवावी. प्रत्येक पावसाळ्यापूर्वी त्या प्रतीतील काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात; न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

एखाद्या विद्यार्थ्याचा दाखला किंवा एखाद्या घराची कर-नोंद त्या कुटुंबासाठी मोलाची असते. तिचे जतन हे यंत्राचे नव्हे, तर कार्यालयाचे कर्तव्य आहे.