कांद्याची लागण आणि उधारीची तारीख

नाशिक जिल्ह्यात कापड, चप्पल, भांडी किंवा शिलाईचा धंदा करणाऱ्याला दोन हिशेब एकाच वेळी सांभाळावे लागतात. एक चांदाचा, दुसरा पिकाचा. ईद चांदावर येते आणि गिऱ्हाईकाच्या खिशात पैसा पिकावर येतो. या दोन तारखा एकमेकींना विचारून येत नाहीत.

अंबडमधील आपल्या काही बांधवांना वाटते की आपले गिऱ्हाईक कारखान्यातले आहे, पगार महिन्याला होतो, मग शेतीशी आपला काय संबंध? संबंध आहे. एम.आय.डी.सी.त कंत्राटावर काम करणाऱ्या कितीतरी मुलांचे वावर सिन्नर, निफाड, चांदवड किंवा येवला तालुक्यात आहे. पगारात घरभाडे आणि किराणा भागतो. लग्नाचा बस्ता, बहिणीची ओटी, आईबापाचे कपडे हे कांदा विकल्यावरच निघतात. विल्होळी, गौळाणे, पिंपळगाव खांब इथून येणारे गिऱ्हाईक तर उघडच शेतकरी आहे. म्हणून भाजीपाला केव्हा लावला जातो आणि तो त्याच वेळी का लावावा लागतो, हे व्यापाऱ्यानेही समजून घेतले पाहिजे.

उर्दू शाळेत शिकलेल्यांना एक गोष्ट लवकर ध्यानात येईल. खरीफ आणि रबी हे दोन्ही शब्द अरबी आहेत. खरीफ म्हणजे शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. पेरणीच्या नव्हे, पीक हाती येण्याच्या ऋतूवरून ही नावे पडली, कारण सरकारला सारा तेव्हाच वसूल करता येत असे. तोच ‘रबी’ शब्द रबीउल अव्वल या महिन्याच्या नावात आहे, पण तो महिना वसंतात थांबत नाही. चांदाचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे प्रत्येक इस्लामी महिना सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतू फिरून येतो. इबादतीसाठी यात मोठी हिकमत आहे. रोजे कधी थंडीत, कधी उन्हाळ्यात येतात, कोणत्याही मुलखावर कायमचा भार पडत नाही. परंतु शेतसारा या हिशेबाने घेता येत नाही. म्हणून आपल्या दख्खनमध्ये शुहूर सन निघाला. तो सूर्याचा सन, मृग नक्षत्र लागताच म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलणारा, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. आकडे मात्र अरबी. मराठ्यांच्या मोडी कागदांत ‘खमस समानीन मया व अलफ’ असे लिहिलेले आढळते, म्हणजे ११८५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. अरबी आकडे, मराठी कारकून आणि मृगाचा पाऊस, असा हा सन कित्येक शतके चालला. आजही खेड्यातला मुसलमान शेतकरी रोहिणी, मृग, आर्द्रा हीच नावे घेतो.

आता लागणीकडे येऊ. थंड मुलखात शेतीचा हंगाम बर्फ आणि हिमाने बांधलेला असतो. लडाखात वर्षातले चार-पाच महिनेच शेतीला मिळतात, म्हणून तेथील माणूस पहिल्या हिमाची तारीख धरून उलटे दिवस मोजतो. आपल्याकडे हिम क्वचित, पण हंगाम इथेही आखूडच आहे. त्याला बांधणारी वस्तू म्हणजे पाणी. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर येवला, चांदवड आणि सिन्नरच्या पूर्वेकडे पाचशेच्या आसपास. मृगापासून हस्तापर्यंत, म्हणजे जूनपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, काय तो पाऊस. पुढे विहिरीवर भिस्त. जेथे कालव्याचे पाणी नाही तेथे फेब्रुवारी-मार्चमध्ये विहीर तळ दाखवते. त्यामुळे हा शेतकरी विहिरीचे शेवटचे पाणी केव्हापर्यंत पुरेल ते आधी पाहतो आणि तेथून मागे दिवस मोजतो.

कांद्याचे उदाहरण घ्या. आपल्या जिल्ह्यात वर्षातून तीन कांदे येतात. पावसाळी लाल कांद्याचे उळे मे-जूनमध्ये टाकतात, रोप जुलै-ऑगस्टमध्ये लावतात, माल ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत निघतो. रांगड्याचे उळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पडते, लागण साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरची, माल जानेवारी ते मार्च. उन्हाळ कांद्याचे उळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, लागण डिसेंबर-जानेवारीत, काढणी एप्रिल-मेमध्ये.

उन्हाळ कांद्याला लागणीनंतर सुमारे १२० दिवस लागतात, त्याआधी रोप वाफ्यात ५० दिवस. एप्रिलअखेर माल काढायचा असेल तर डिसेंबरअखेर लागण झाली पाहिजे आणि त्यासाठी ११-१२ नोव्हेंबरच्या सुमारास उळे पडले पाहिजे. यात मागेपुढे सरकायला जागा थोडी. फार लवकर लावले आणि रोप मोठे असताना थंडीने झोडपले, तर कांदा पोसायच्या ऐवजी फुलाचा दांडा वर काढतो. त्याला डेंगळा म्हणतात, असा कांदा टिकत नाही. निफाडला काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या खाली जातो, हे लक्षात घ्या. उलट उशीर केला तर पात पुरेशी वाढण्याआधीच दिवस मोठा होतो, ऊन वाढते, कांदा लहान असतानाच पिकतो आणि गोल्टी निघते. तोवर विहीरही आटलेली असते. पंधरा दिवसांची चूक अशी चार महिन्यांनी वजनकाट्यावर दिसते.

तिन्ही कांद्यांमध्ये व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोठा फरक टिकण्याचा आहे. उन्हाळ कांद्याच्या माना काढणीच्या वेळी आपोआप पडतात, मान सुकून बंद होते, म्हणून तो चाळीत चार-पाच महिने राहतो. पावसाळी कांद्याची मान तशी बंद होत नाही. तो काढला की विकलाच पाहिजे. रांगडाही फार थांबत नाही. याचा अर्थ असा की लाल आणि रांगडा कांदा काढलेल्या गिऱ्हाईकाकडे पैसा लगेच येतो, मग तो थोडा असो वा फार. उन्हाळ कांदावाला भाव पाहून चाळ उघडतो. एप्रिल-मेमध्ये तो मजुरी आणि लग्नापुरता माल विकतो, बाकीचा पैसा जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हप्त्याहप्त्याने हाती येतो. “कांदा निघाला की देतो” असे गिऱ्हाईक म्हणाले तर कोणता कांदा, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

टोमॅटोचे रोप मृगाच्या आसपास तयार करून जून-जुलैमध्ये लावतात. लागणीनंतर दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो आणि ऑगस्टपासून दिवाळीपुढेपर्यंत पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेट उतरत राहतात. मेथी महिन्याभरात, कोथिंबीर चाळीस दिवसांत. पालेभाजीवाल्याचे गणित रोजचे असते, त्याला उधारी द्यायची झाली तर आठवड्याची द्यावी.

आता धोका कोठे आहे ते पाहा. जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. तो भाव पाहून ज्याला त्याला टोमॅटो लावावासा वाटला. सप्टेंबरमध्ये सगळ्यांचा माल एकदम आला आणि भाव इतका पडला की शेतकऱ्यांनी क्रेट रस्त्यावर ओतले. आजचा भाव पाहून लावलेले पीक आजच्या भावाने विकले जात नाही. आपल्या धंद्यातही हेच घडते. एका सीझनला एखादी साडी चालली की मालेगावचे माग आणि सुरतेचे व्यापारी दोघेही तोच माल काढतात आणि पुढच्या सीझनला तो गठ्ठ्याने पडून राहतो.

रांगड्याचे तेच झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आवक खूप, त्यात ऊन लवकर वाढलेले आणि माल न टिकणारा. किलोला दोन-चार रुपये भाव पाहून २७ फेब्रुवारीला शेतकऱ्यांनी लासलगावचा लिलाव बंद पाडला. राज्य सरकारने पुढे क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, पण त्या महिन्यातील बस्ते त्याने परत आले नाहीत. मग सरकारी हुकूम. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी. ही बंदी आली तेव्हा लाल कांदा खळ्यावर होता आणि उन्हाळ कांद्याची रोपे वाफ्यात होती, म्हणजे पैसा खर्च होऊन गेलेला. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून संपले. पावसाचेही तसेच. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने निफाडकडे द्राक्ष आणि कांदा दोन्ही झोडपले. मे २०२५ मध्ये पाऊस इतका लवकर आणि इतका आला की काढलेला कांदा चाळीत जाण्यापूर्वीच भिजला. शेतकऱ्याने लागण वेळेवर केली तरी अशा वेळी तो देणे वेळेवर देऊ शकत नाही, हे समजून माल भरावा.

ईदच्या खरेदीचा विचार याच हिशेबाने करावा. ईदुल फित्र २०२४ मध्ये ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. २०२७ मध्ये ती मार्चच्या दहा तारखेच्या सुमारास आणि २०२८ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस येईल, एक दिवस इकडेतिकडे. म्हणजे काही वर्षांपूर्वी ईदच्या बाजाराला उन्हाळ कांद्याचा पहिला पैसा मिळत असे. आता ईद रांगडा कांदा आणि द्राक्षांच्या पैशावर होणार आहे. रांगड्याचा भाव कसा कोसळतो ते वर पाहिले. ग्रामीण गिऱ्हाईकासाठी भारी माल कमी, मध्यम माल जास्त ठेवणे आणि जानेवारीतच लासलगावचा भाव पाहू लागणे शहाणपणाचे ठरेल. बकरी ईद सध्या मे-जूनच्या वेळी येत आहे. तेव्हा रोहिणी लागते, बियाणे आणि खताला पैसा जातो, शाळेचे गणवेश त्यातच येतात. रोख विक्रीची फार आशा त्या दिवसांत धरू नये. ती मेच्या पहिल्या आठवड्याकडे सरकेल तेव्हा, म्हणजे २०२८ पासून, स्थिती सुधारेल.

उधारीबद्दल एक दीनी मसला येथे सांगणे जरूर आहे. सूरह बकरामध्ये देण्याघेण्याची मुदत ठरवून ती लिहून ठेवण्याचा स्पष्ट हुकूम आहे. मदीनेत लोक खजुरीची रक्कम एक-दोन वर्षे आधी देत असत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला मनाई केली नाही, पण माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी अशी अट घातली. “पीक आल्यावर पैसे” ही मुदत हनफी आणि शाफई फिकहमध्ये अनिश्चित मानली आहे, कारण काढणी मागेपुढे होते. मालिकी मसलकात तिला जागा आहे. आपल्याकडे बहुतेक हनफी, कोकणी बांधव शाफई. म्हणून खात्यावर ‘कांद्यावर’ असे न लिहिता तारीख लिहावी. उन्हाळ कांदावाल्यासाठी ३१ मे किंवा १५ ऑगस्ट, लाल कांदावाल्यासाठी ३० नोव्हेंबर, असे पीक पाहून ठरवावे. उधारीचा भाव रोखीपेक्षा वेगळा ठेवायचा तर तो सौदा होतानाच एकदा ठरवावा. तारीख टळली म्हणून वर रक्कम चढवली तर ते व्याजच होईल. गिऱ्हाईक खरोखर अडचणीत असेल तर सवड देण्याचा हुकूमही त्याच सूरहमध्ये आहे. सवड देतानाही नवी तारीख लिहावी. तपशिलाच्या शंका आपापल्या मुफ्ती साहेबांना विचाराव्यात.

कारागीर बांधवांसाठी दोन शब्द. अंबडमध्ये फॅब्रिकेशन करणाऱ्यांनी कांदाचाळीच्या दुरुस्तीची कामे जानेवारी-फेब्रुवारीतच धरावीत. एप्रिलमध्ये माल खळ्यावर येतो तेव्हा शेतकऱ्याला थांबता येत नाही, आणि त्याच्याकडे आगाऊ रक्कम द्यायला पैसाही नसतो. रांगडा विकला जात असतानाच निम्मी रक्कम घेऊन काम उरकावे. शिलाईवाल्यांनी गणवेशाचे कापड मेच्या मध्यापूर्वी कापून ठेवावे. मालेगावच्या मागवाल्यांकडून दिवाळीचा माल ऑगस्टमध्येच सांगावा लागतो, म्हणजे लाल कांद्याचे रोप वावरात लागते त्याच सुमारास. त्या वेळी नांदगाव-येवल्याकडे लागण किती झाली आणि पाऊस कसा आहे, एवढे आठवडी बाजारातल्या दोन-चार शेतकऱ्यांना विचारूनच गठ्ठ्यांचा आकडा द्यावा.