कमोडोरसाठी चाल बांधताय? एडिटरआधी प्लेअर बघा

कमोडोर ६४ हा १९८२ सालचा घरगुती संगणक. मेमरी अवघी ६४ केबी, पण त्यातल्या सिड या आवाजाच्या चिपसाठी लोक आजही चाली बांधतात. ही चिप रचणारे बॉब यॅनिस पुढे एन्सोनिक या सिंथेसायझर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. या यंत्रासाठी सॉफ्टवेअर शोधताना नवखा माणूस पडद्यावरचा एडिटर पाहून भुलतो, आणि बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : सिडचा आवाज काढणारं प्लगइन लॅपटॉपवर टाकलं की काम झालं.

वस्तुस्थिती : आवाज मिळेल, पण गाणं कमोडोरवर वाजणार नाही. प्लगइनमधून शेवटी ध्वनिमुद्रण बाहेर पडतं. कमोडोरला प्रोग्रॅम लागतो. ट्रॅकर, म्हणजे चाल ओळीओळीनं लिहायचा एडिटर, तुमच्या चालीला ‘प्लेअर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम जोडून देतो. हा प्लेअर सेकंदाला ५० वेळा चालतो, चिपच्या रजिस्टरांत नवे आकडे भरतो आणि प्रोसेसर मोकळा करतो. युरोपीय यंत्रात एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, प्रोसेसरच्या १९,६५६ सायकल असतात. गेममधली चित्रं, टकरा, जॉयस्टिक हे सगळं त्यातच भागवायचं. म्हणून गेमसाठी संगीत करणाऱ्यानं प्लेअर किती मेमरी आणि किती वेळ खातो, हे आधी विचारावं. एडिटरचे रंग नंतर बघता येतील. पीसीवरचा गोटट्रॅकर हा ट्रॅकर इथे शहाणपणा दाखवतो : चालीत न वापरलेल्या सोयी तो प्लेअरमधून वगळून देतो.

गैरसमज : सिडमध्ये आवाज तीन, म्हणजे वाद्यं तीनच.

वस्तुस्थिती : एकाच आवाजात एका फ्रेमला खरखर आणि पुढच्या फ्रेमला पल्स लहर लावली की ढोलाचा ठोका तयार होतो, तो संपताच त्याच आवाजावर बास सुरू करता येतो. तीन सूर एकामागोमाग सेकंदाच्या ५० व्या हिश्शानं बदलले की कानाला कॉर्ड ऐकू येते. हे सगळं वेव्हटेबलमधून, म्हणजे दर फ्रेमला कोणती लहर आणि कोणता सूर हे लिहायच्या तक्त्यातून घडतं, त्यामुळे ते टेबल हाताळायला सोपं आहे का, हे जरूर तपासा. आणखी एक : सुराचा आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचा असल्यामुळे मींड चांगली निघते. पेटी वाजवणाऱ्याला तर ट्रॅकरची भीती नकोच. प्रोट्रॅकर या जुन्या ट्रॅकरच्या पद्धतीच्या मांडणीत कीबोर्डवरची झेड ही पांढरी एक आणि एस ही काळी एक.

गैरसमज : लय हवी ती ठेवता येते.

वस्तुस्थिती : नेहमीच्या प्लेअरमध्ये लय फ्रेममध्ये मोजतात. एका मात्रेला चार ओळी आणि ओळीला सहा फ्रेम धरल्या तर मिनिटाला १२५ मात्रा होतात. पाच फ्रेम केल्या तर १५०, सात केल्या तर सुमारे १०७. मधली लय हवी असेल तर लांब-आखूड ओळी आलटून-पालटून लावण्याची सोय एडिटरमध्ये असायला हवी. शिवाय अमेरिकी यंत्र ६० फ्रेमवर चालतं, त्यामुळे १२५ ची चाल तिथे १५० नं धावते. दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं ते ५० वाल्या पाल पद्धतीनंच. म्हणजे अमेरिकेहून कुणी आणलेला कमोडोर आपल्या जुन्या टीव्हीशी तसाही नीट जुळत नसे.

चिपचंही तसंच. ६५८१ या जुन्या मॉडेलचा फिल्टर नगागणिक वेगळा वाजतो, नंतरची ८५८० बरीच एकसारखी. कोणत्या चिपसाठी लिहितोय हे सुरुवातीलाच ठरवलं नाही, तर पीसीवर कमोडोरची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरवर गोड लागलेला बास खऱ्या यंत्रावर बसका येतो.

पीसीवर रचणं म्हणजे लबाडी, असंही काही जण मानतात. मला हा सोवळेपणा पटत नाही. कमोडोरच्या गेमना संगीत देणारे रॉब हबर्ड यांनी आपल्या गाजलेल्या चाली सुबक एडिटरमध्ये केल्या नाहीत. असेंब्लीत स्वतःचा प्लेअर लिहून सूर आकड्यांत भरले. संगीतकार ख्रिस ह्यूल्सबेक यांचा साउंडमॉनिटर हा एडिटर तर एका जर्मन मासिकानं १९८६ मध्ये छापला आणि वाचकांनी तो हातानं टाइप करून घेतला.

पीसीवर काम करायचं असेल तर गोटट्रॅकर घ्या. खरा कमोडोर हाताशी असेल तर त्यावरच चालणारा सिड-विझर्ड बरा. प्लेअर स्वतः निवडायचा असेल तर सिड फॅक्टरी टू. त्यात एकाहून जास्त ड्रायव्हर, म्हणजे प्लेअर, येतात. तिन्ही फुकट आहेत, तेव्हा एकच छोटी चाल तिन्हींत बांधून बघा आणि मगच एक ठरवा.