पहिल्यांदाच एकटीने जायचे, तर कुठे?

राळेगाव तालुक्यातील आपल्या स्त्रियांना प्रवास काही नवा नाही. लेकीच्या बाळंतपणाला जायचे, भाच्याच्या लग्नाला जायचे, आजारी सासूला घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात जायचे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर गाठायचे, सहा डिसेंबरला वस्तीतल्या मंडळींबरोबर दादर गाठायचे. पण या प्रत्येक प्रवासाला काही ना काही निमित्त असते आणि बहुतेक वेळा सोबतही असते. कोणाची सेवा करायची नाही, कोणाकडे पाहुणे म्हणून राहायचे नाही, केवळ आपल्या मनाला बरे वाटावे म्हणून दोन-चार दिवस एकटीनेच कुठेतरी जायचे, हा विचार मात्र नवा आहे. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका, नोकरीला लागलेल्या मुली आता तो बोलून दाखवू लागल्या आहेत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "पहिल्यांदाच एकटी जाणार आहे, ठिकाण कोणते निवडू?"

काहींना हा प्रश्न चैनीचा वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या समाजात 'कुठे जावे' या प्रश्नाच्या पोटात पिढ्यान् पिढ्या दुसराच प्रश्न दडलेला होता. तिथे पाणी कोण देईल? रात्री पाठ टेकायला जागा कोण देईल?

सुट्टीचा एक जुना प्रवास

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा लिखाणात आपल्या आयुष्यातील काही प्रसंग नोंदवून ठेवले आहेत. त्यातला पहिलाच प्रसंग सुट्टीतल्या प्रवासाचा आहे. साल १९०१. वडील सुभेदार रामजी कोरेगावला नोकरीवर होते आणि मुले साताऱ्याला राहत होती. उन्हाळ्याची सुट्टी आपल्याकडे घालवायला या, असे वडिलांनी कळवले. घरात आनंदी आनंद झाला. नवे कपडे शिवले, जरीच्या टोप्या आणल्या. त्या मुलांनी तोपर्यंत रेल्वेसुद्धा पाहिली नव्हती. सोबत मोठे माणूस नसताना घरातली मुले-मुलेच निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली.

स्टेशनावर त्यांना घ्यायला कोणीच आले नव्हते. येण्याचा दिवस कळवणारे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारपूस केली, पण जात कळताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले बसवून घ्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे या अटीवर. शिदोरी होती, पण पाणी कोणी देईना. ती रात्र मुलांनी उपाशीच काढली.

पुढे १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एका पारशी सराईत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. १९३४ साली कार्यकर्त्यांसह वेरूळ पाहायला जाताना दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदातले पाणी वापरले म्हणून त्यांना अडवण्यात आले. पहिला प्रसंग सुट्टीचा, दुसरा मुक्कामाचा आणि तिसरा स्थळ पाहण्याचा. सहलीला निघणाऱ्या माणसाला जे जे लागते, ते सगळे या तीन प्रसंगांत आले आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, रस्ते या सगळ्यांची दारे जात, धर्म, लिंग यांचा भेद न करता खुली केली. तेव्हा आपल्या घरातली मुलगी एखाद्या लॉजच्या काउंटरवर उभी राहून "एक खोली पाहिजे" असे ताठ मानेने म्हणते, ती चैन नव्हे. त्या एका वाक्यामागे मोठा इतिहास उभा आहे.

निवडीच्या चार कसोट्या

मसूरच्या प्रसंगात आजच्या प्रवासिनीलाही शिकण्यासारखे आहे. रेल्वेने मुलांना मसूरपर्यंत सुखरूप आणले. अडले ते स्टेशनपासून पुढे. आजही एकट्या बाईचा प्रवास अडतो तो बहुधा तिथेच. एक्स्प्रेस गाडी वेळेवर पोहोचते, पण पुढची एस.टी. गेलेली असते आणि अंधार पडलेला असतो. म्हणून ठिकाण नावाजलेले आहे की नाही हे नंतर पाहावे. आधी पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, शेवटचा टप्पा. मुक्कामाच्या गावी दिवसाउजेडी पोहोचता आले पाहिजे आणि स्टेशन किंवा बसस्थानकापासून मुक्कामाची जागा जवळ असली पाहिजे.

दुसरी गोष्ट, मुक्काम. जागा आधी फोन करून ठरलेली असावी, ओळखपत्र घेऊन रीतसर पावती देणारी असावी. काही बुद्धविहारांत पाहुण्यांची सोय असते, पण ती आधी विचारून घ्यावी.

तिसरी गोष्ट, परतीची वाट. मन घाबरले, पोट बिघडले, घरून फोन आला, तर त्याच दिवशी परत फिरता येईल का? परतीच्या दोन वाटा असाव्यात. रेल्वे चुकली तर एस.टी. आणि एस.टी. चुकली तर रेल्वे.

चौथी गोष्ट, ओढ. शेजारीण जाऊन आली म्हणून जायचे नाही. तिथे असे काहीतरी असावे, जे आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या सवडीने पाहायचे आहे.

ठिकाणे तोलून पाहू

राळेगावच्या बाईच्या मनात पहिले नाव येते ते नागपूरचे. जवळ, ओळखीचे, जाण्या-येण्याची सोय भरपूर. दीक्षाभूमीचा स्तूप, १९९९ साली उभे राहिलेले कामठीचे ड्रॅगन पॅलेस, बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपणारे चिचोलीचे संग्रहालय, १८६३ साली सुरू झालेला अजबबंगला, एवढे सगळे तिथे आहे. गर्दीच्या दिवशी पाहिलेली दीक्षाभूमी साध्या मंगळवारी किंवा बुधवारी पाहिली, तर तिची शांतता निराळीच जाणवते. अडचण एकच. नागपुरात मावशी असते, दीर असतो, मामेबहीण असते. त्यांना कळले की मुक्काम त्यांच्याकडे होतो, आणि मग दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला आपणच उभ्या असतो. तेव्हा नागपूर एका दिवसाच्या सरावासाठी उत्तम, सुट्टीसाठी मात्र अवघड.

चिखलदरा हे विदर्भातले थंड हवेचे ठिकाण. अमरावती, परतवाडा आणि मग घाट, असा रस्ता आहे. निसर्ग सुंदर, पण शेवटचा टप्पा घाटाचा, आणि वर गेल्यावर पाहण्याच्या जागा लांब लांब. वाहन केले तर एकटीच्या माथी सगळे भाडे. तिथे मैत्रिणींबरोबर जावे.

टिपेश्वरचे अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे आहे. तिथेही हिशेब तोच. जंगलात पायी फिरता येत नाही आणि जीपचा खर्च चौघींत वाटला तरच परवडतो.

बोधगया आणि सारनाथ यांची ओढ कोणाला नाही? पण दूरचा प्रवास, रात्रीची गाडी, परकी भाषा आणि परत फिरायचे तर दीड-दोन दिवस. ही वाट दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावी.

ज्यांना रात्रीचा मुक्काम नको किंवा परवडत नाही, त्यांच्यासाठी एक जवळचे ठिकाण सुचवतो. ते म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती, म्हणजेच जुने भांदक. तिथे विजासनच्या टेकडीत कोरलेली प्राचीन बौद्ध लेणी आहेत. खडकात लांब बोळ कोरत नेले आहेत आणि आत बुद्धमूर्ती आहेत. हिंगणघाटला येऊन बल्लारशाहकडे जाणारी, भांदकला थांबणारी गाडी धरावी किंवा वरोऱ्यावरून एस.टी.ने जावे. सकाळी लवकर निघालेली बाई दिवे लागायच्या सुमारास घरी परतू शकते.

आमचा कौल अजिंठ्याला

दोन रात्री घराबाहेर काढायची तयारी असेल, तर आमचा कौल अजिंठ्याला. नाव मोठे आहे म्हणून नव्हे, तर चारही कसोट्यांवर ते उतरते म्हणून.

राळेगावहून एस.टी.ने वर्धा गाठायचे. वर्ध्याहून मुंबईच्या वाटेवरचे जळगाव रेल्वेने पाच-सहा तासांवर आहे. सकाळची किंवा दुपारच्या आतली गाडी निवडली, तर अंधारापूर्वी जळगाव येते. मुक्काम जळगावातच, स्टेशन किंवा बसस्थानकाच्या जवळ करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीचे औरंगाबाद) जाणारी, फर्दापूरवरून जाणारी एस.टी. धरायची आणि अजिंठा लेणीच्या फाट्यावर उतरायचे. खासगी वाहने तिथेच थांबवतात. पुढे चार किलोमीटर सगळ्यांनाच ठरलेल्या बसने जावे लागते. मोटारीतून आलेला आणि एस.टी.तून आलेली, दोघे त्याच बसमध्ये! म्हणजे शेवटच्या टप्प्याची चिंता उरत नाही. दिवसभर लेणी पाहून संध्याकाळच्या आत जळगावला परत. तिसऱ्या दिवशी घर.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. आणि वर्ध्याजवळ वर्धा जंक्शन आणि सेवाग्राम अशी दोन स्टेशने आहेत. तिकिटावर कोणते नाव आहे ते नीट वाचूनच निघावे. दक्षिणेकडच्या कित्येक गाड्या सेवाग्रामवरूनच वळतात.

केव्हा जावे? एप्रिल-मे महिन्यात तिथला खडक तापून निघतो. दिवाळीनंतर आपल्याकडे कापसाची वेचणी चालू असते, घरात आणि वावरात बाईवाचून पान हलत नाही. संक्रांतीनंतर वेचणी ओसरली की जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारी हा काळ बरा. हवाही सोसवणारी असते.

आणि तिथे पाहायचे काय? लहान-मोठी मिळून ३० लेणी आहेत. इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून ती कोरली गेली. पुढे दाट झाडीत ती विसरली गेली होती. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडली आणि जगाला पुन्हा कळली. १९८३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र सर्वांना ठाऊक असते. १७ व्या लेण्यातल्या जातककथांच्या चित्रांपुढे मात्र थांबावे लागते. राजे, दासी, मुले, हत्ती, वाटसरू, अशी त्या काळची अख्खी माणसे भिंतीवर आहेत. २६ व्या लेण्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प आहे. पहुडलेली ती शांत मूर्ती आणि खाली शोक करणारे शिष्य. सहलीच्या गटाबरोबर आलो की इथे मोजून पाच मिनिटे मिळतात, मागून "चला, चला" सुरू होते. एकटीला कोणी घाई करीत नाही. एकटीने जाण्याचा खरा लाभ हाच आहे.

पैसा आणि घर

खर्चाचे म्हणाल, तर १७ मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.च्या प्रवासात स्त्रियांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. वर्ध्यापर्यंतचे आणि जळगावहून लेण्यांच्या फाट्यापर्यंतचे तिकीट त्यामुळे अर्धे झाले. रेल्वेचे दुसऱ्या वर्गाचे आरक्षण, दोन रात्रींची साधी खोली आणि जेवण यांचा खर्च उरतो. तो आधी कागदावर मांडावा आणि वर थोडी रक्कम वेगळी बांधून ठेवावी. बचत गटाचे कर्ज काढून मात्र सहलीला जाऊ नये. हाती तेवढी रक्कम नसेल तर यंदा भांदक, पुढच्या वर्षी अजिंठा. त्यात कमीपणा नाही.

घरच्यांशी बोलताना "मी जाऊ का?" असे विचारण्यापेक्षा "मी या तारखेला जाणार आहे, हा सगळा बेत" असे म्हणून कागद पुढे ठेवावा. त्यावर गाडीचे नाव, लॉजचा फोन आणि परतीची वेळ लिहिलेली असावी. सकाळ-संध्याकाळ फोन करण्याचे ठरवावे. १९०१ साली एक पत्र पोहोचले नाही आणि मुलांची वाताहत झाली. आज निरोप पोहोचवायला साधने आहेत, ती वापरावीत. अडचणीत ११२ हा क्रमांक, रेल्वेत असताना १३९ हा क्रमांक लावावा. आडनाव विचारून कोणी खोली नाकारली, तर वाद घालीत रात्र काढू नये. दुसरी जागा गाठावी आणि सकाळी लेखी तक्रार करावी. पण तक्रार करावीच.

आणि घरातल्या पुरुषांना दोन शब्द. तीन दिवस भाकरीचे काय होईल, हा प्रश्न तिला विचारू नका, स्वतःला विचारा. "लोक काय म्हणतील" याची काळजी तर मुळीच नको. पहाटे एकटीने वावर गाठणाऱ्या, डोक्यावर कापसाचे गाठोडे घेऊन सांजवेळी एकटीच घरी परतणाऱ्या बाईला कोणी कधी अडवले नाही. ती कामाला एकटी चालते, तर सुट्टीला एकटी का चालू नये?

भगिनींनो, कॅलेंडर काढा, सोमवार सोडून एक तारीख ठरवा आणि त्या तारखेभोवती पेनाने एक गोल करून ठेवा.