सभ्यतेचीही आवृत्ती निघते

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, सगळा कोड कोणालाही उतरवून घेता येतो. तीन कोटींहून जास्त ओळी आहेत त्यात. ड्रायव्हर, मेमरी, नेटवर्क, फाइल सिस्टीम, असा सगळा पसारा. याच पसाऱ्यात कागदपत्रांच्या फोल्डरात एक छोटीशी फाइल आहे, जिचा यंत्राला काडीचा उपयोग नाही. एकमेकांशी कसं बोलावं, काय बोलू नये, कोणी मर्यादा सोडली तर दाद कुठे मागावी, एवढंच तिच्यात लिहिलेलं आहे. आणि तिलाही कोडसारखंच वागवलं जातं. ती कोणी घातली, कोणाकोणाच्या सह्या पडल्या, पुढे कुठला शब्द कधी बदलला, सगळ्याची नोंद आहे. पहिली तारीख १६ सप्टेंबर २०१८. जगभरचे सर्व्हर आणि यच्चयावत अँड्रॉइड फोन ज्याच्यावर चालतात, त्याच्याच पोटात सौजन्याचे नियम ठेवलेले आहेत. मला तरी हे फार अचंबित करणारं वाटतं.

या नियमांची गरज का पडावी? आपल्याकडे इर्जिक घालतात. एकाच्या शेतात गावातले लोक आपापले बैल घेऊन येतात, मजुरी कोणी मागत नाही, शेतधन्याने जेवू घालायचं. तिथे कोणी कोणाचा मुकादम नसतो. एखाद्याचा पाणउतारा झाला तर तो भांडत बसत नाही, बैल सोडतो आणि घरची वाट धरतो. ओपन सोर्सचंही, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडचंही, तसंच आहे. फरक इतकाच की इथले लोक एकमेकांना बहुधा कधीच भेटलेले नसतात. कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीला दोन हजारांच्या आसपास माणसांचा हात लागतो. त्यातले बरेचजण आता कंपन्यांचे पगारी आहेत, हे खरं. पण ज्याचं काम तपासायचं तो तपासणाऱ्याच्या हाताखाली नसतो. त्याची पगारवाढ रोखता येत नाही की त्याला मेमो देता येत नाही. हातात असतात फक्त शब्द.

तेही उघड्यावर. कर्नलमध्ये बदल सुचवायचा म्हणजे पॅच तयार करून तो ईमेलने सगळ्यांसमोर मांडायचा. मग त्या भागाची जबाबदारी असलेला मेंटेनर आणि इतर जाणकार तो ओळीओळीने सोलतात. इथे हे नाव का, तिथे लॉक का घेतलं नाही, हे तर दहा वर्षांपूर्वीच करून पाहिलं होतं. पॅच पटला तर ‘मी तपासलं’ अशी ओळ आपल्या नावासह खाली जोडतात, नाहीतर परत पाठवतात. चांगल्या पॅचच्याही पाचसहा फेऱ्या होतात. नवख्याच्या पोटात गोळा येणारच. आवाज नाही, चेहरा नाही, नुसती काळी अक्षरं. ‘हे चुकीचं आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्याला साधी माहिती वाटते, वाचणाऱ्याला थप्पड. शिवाय ते कायमचं जपलं जातं. एकाला घातलेल्या शिव्या शेकडो जण वाचतात आणि त्यातले काही जण ठरवतात की आपण या वाटेला जायचं नाही. न आलेल्या माणसांची नोंद कुठेच होत नाही.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या शिव्या तर जगप्रसिद्ध होत्या. लोक त्या चवीने एकमेकांना पाठवत. २०१३ च्या जुलैमध्ये यूएसबी ३.० चं काम पाहणाऱ्या सेज शार्प यांनी त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं की हे बंद करा. खोट्या गोडव्यापेक्षा उघड राग बरा, असा लिनसचा पवित्रा होता. २०१५ मध्ये कर्नलमध्ये संघर्ष कसा हाताळावा याचं एक तोकडं टिपण आलं. त्याचा सूर साधारण असा: तुमच्या कोडवर टीका होणारच, अंगावर आलं तर कळवा. त्याच वर्षी शार्प यांनी कर्नलचं काम सोडत असल्याचं जाहीर केलं.

पुढे जे झालं त्याची सुरुवात एका मामुली घोळातून झाली. २०१८ मध्ये मुख्य मेंटेनरांची बैठक कॅनडात व्हँकुव्हरला व्हायची होती. लिनसने तारखांचा गोंधळ केला आणि त्याच दिवसांत घरच्यांबरोबर स्कॉटलंडची सहल ठरवून बसला. बैठक माझ्याशिवाय उरका, असं त्याने सुचवून पाहिलं. सहकाऱ्यांनी बैठकच उचलून एडिनबराला नेली. आपल्याला हे लोक टाळायचे होते की काय, हा प्रश्न तेव्हा त्याच्यापुढे उभा राहिला. १६ सप्टेंबरला त्याने कर्नल ४.१९ च्या चौथ्या चाचणी आवृत्तीची घोषणा केली. त्याच पत्रात, दुरुस्त्यांच्या नेहमीच्या गोषवाऱ्याबरोबर, जाहीर माफी होती. इतरांच्या भावना मला कळत नाहीत, त्या समजून घ्यायला मी मदत घेणार आहे, तोवर थोडा थांबतो, असा तिचा आशय. त्याच दिवशी सुरुवातीला सांगितलेली ती नियमांची फाइलही आली. आवृत्ती पुरी करायचं काम ज्येष्ठ मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी केलं आणि २२ ऑक्टोबरला ती बाहेर पडली. पुढे बीबीसीशी बोलताना लिनसने सांगितलं की आपल्याच ईमेलवर त्याने एक गाळणी बसवली आहे, शिवी असली तर पत्र जातच नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात, पण इंजिनिअर माणूस फिल्टर लावून बघतोच.

कर्नलवाल्यांनी घेतलेला मजकूर त्यांचा स्वतःचा नव्हता. कोरालाइन एडा एमकी यांनी २०१४ मध्ये ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट’ नावाची तयार आचारसंहिता लिहिली होती. प्रत्येक प्रकल्पाने आपापली घटना लिहीत बसण्यापेक्षा ही उचला, आपला पत्ता घाला आणि कामाला लागा, ही कल्पना. ती हजारो प्रकल्पांनी उचलली. तिलाही सॉफ्टवेअरसारखे आवृत्तीक्रमांक आहेत. कर्नलने १.४ घेतली. २.० मध्ये शिक्षेच्या चार पायऱ्या आल्या. आधी खासगीत लेखी समज, काय चुकलं ते नीट सांगून. मग इशारा आणि काही काळ संबंधित व्यक्तींच्या वाटेला न जाण्याची अट. मग तात्पुरती बंदी आणि शेवटी कायमची. मला यातली पहिली पायरी सर्वांत मोलाची वाटते. बहुतेक माणसं मुद्दाम वाईट वागत नाहीत, आणि चारचौघांत खजील झालेला माणूस सुधारण्याऐवजी अडून बसतो.

विरोधही सडकून झाला. गोडगोड बोलण्याच्या नादात भिकार कोड आत येईल, ही एक भीती. ती मला पोकळ वाटते. ‘हा पॅच चालणार नाही, कारण असं असं’ हे शिवी न देता सांगता येतं आणि जास्त लवकर समजतं. दुसरी भीती अशी की ज्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही, ते नियमाचं बोट धरून येतील आणि न्यायनिवाडे करतील. ही मात्र अगदीच हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कर्नलवाल्यांनी म्हणूनच साधारण महिन्याभरात नियमांचा अर्थ कसा लावायचा याचं वेगळं टिपण जोडलं. त्याच सुमारास एसक्यूलाइट या डेटाबेसच्या आचारसंहितेकडे लोकांचं लक्ष गेलं. त्याचे कर्ते रिचर्ड हिप यांनी तिथे चक्क सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठाचे ७२ नियम लावले होते. देवावर प्रेम करा इथपासून सुरुवात. पुष्कळ हसं झालं. पुढे त्यांनी त्याला आपल्या गटाची नीतितत्त्वं म्हटलं आणि वेगळी संहिता घेतली. मला विचाराल तर हिप फारसे चुकले नव्हते. कंटाळा, मत्सर आणि अहंकार घेऊन माणसांनी एकत्र काम कसं करायचं, हा प्रश्न मठांनी बराच आधी सोडवायला घेतला होता.

हे नियम शोभेचे नाहीत, हे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दिसलं. एका नव्या फाइल सिस्टीमच्या लेखकाने सहकाऱ्याला उद्देशून अपशब्द वापरले. जाहीर माफीवरून घोडं अडलं आणि कर्नलच्या आचारसंहिता समितीने ६.१३ या आवृत्तीच्या पूर्ण फेरीत त्यांचा सहभाग रोखला. कोड चांगला की वाईट, हा त्या निर्णयात मुद्दाच नव्हता.

पण अनादर म्हणजे नुसती शिवी नव्हे. नवखे भारतीय विद्यार्थी पत्राची सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ने करतात. तिकडे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, त्यामुळे समोरच्याला जरा अवघडल्यासारखं होतं, इतकंच. त्यात वावगं काही नाही. खरा अनादर २०२० च्या ऑक्टोबरमध्ये झाला, तोही गोड शब्दांत. चार बदल सुचवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी हॅक्टोबरफेस्ट नावाची मोहीम होती. बदल कसा पाठवायचा ते एका भारतीय यूट्यूबरने व्हिडिओत करून दाखवलं, आणि पाहणाऱ्यांनी तेच गिरवलं. माहितीपत्रकात ‘अप्रतिम प्रकल्प’ अशी शब्दांची भर घालणारे बदल प्रकल्पांवर येऊन कोसळले. प्रत्येक बदल कोणीतरी उघडायचा, वाचायचा, नाकारायचा. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना काही दिवसांतच नियम फिरवावा लागला: ज्या प्रकल्पाची इच्छा असेल तोच मोहिमेत.

मेंटेनरचा वेळ आणि त्याचं मन या गोष्टी किती नाजूक, आणि त्यांच्यावर किती मोठा डोलारा उभा असतो, हे एक्सझेडच्या प्रकरणात कळलं. एक्सझेड म्हणजे फाइली दाबून लहान करणारं एक साधन. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते लासे कॉलिन नावाचा एक फिनिश माणूस वर्षानुवर्षं फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१ च्या अखेरीस ‘जिया तान’ नावाने कोणीतरी पॅच पाठवू लागलं. नम्र, मेहनती, उपयोगी. २०२२ च्या उन्हाळ्यात दुसऱ्याच नावांनी तक्रारी येऊ लागल्या. पॅच पडून आहेत, प्रगती होत नाही, दुसरा मेंटेनर नेमा. त्यातलं एक नाव ‘जिगर कुमार’ होतं. कॉलिनने उत्तर दिलं की आस्था संपलेली नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे हातून फार होत नाही, आणि हे बिनपैशाचं छंदाचं काम आहे हेही ध्यानात असू द्या. त्यावर आलेलं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं, पण माणसाने आपली मर्यादा ओळखावी, लोकांना अधिक हवं आहे, असा त्याचा सूर. एकही अपशब्द नाही. कुठल्याही गाळणीतून हे पत्र सहज पार झालं असतं.

कॉलिनने हळूहळू जियाच्या हाती किल्ल्या दिल्या. तक्रार करणारी नावं पुन्हा दिसली नाहीत. ती बनावट होती आणि सगळा बनाव एकाच कटाचा भाग होता, असंच तपास करणारे बहुतेक जण मानतात. २०२४ च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. त्यातून परक्या सर्व्हरमध्ये घुसता आलं असतं. आंद्रेस फ्रॉइंड हा इंजिनिअर पोस्टग्रेस डेटाबेसच्या वेगाची मोजमापं करत होता. दूरच्या यंत्रात लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. अर्ध्या सेकंदासाठी तो खोदत गेला आणि २९ मार्चला त्याने सगळं जगापुढे ठेवलं.

किल्ली हवी म्हणून हल्लेखोरांनी आधी कॉलिनच्या मनातली अपराधी भावना जागवली, कोडला हात नंतर घातला. २००४ मध्ये उबुंटूची आचारसंहिता लिहिली गेली, तेव्हा तिच्यात एक कलम होतं: काम सोडायचं झालं तर इतरांची कमीत कमी गैरसोय होईल असं बघून सोडा. सोडणाऱ्याने कसं वागावं ते त्यात आहे. थकलेल्या माणसाशी बाकीच्यांनी कसं वागावं, त्याच्यासाठी वेळेवर मदतीचा हात आणि पैसे कुठून आणावेत, यावर कुठल्याच संहितेत फारसं लिहिलेलं नाही. ते कलम अजून लिहायचं आहे.

चोरदरवाजा सापडला तेव्हा कॉलिन इंटरनेटपासून दूर, सुट्टीवर होता. परत आल्यावर त्याने जियाचा प्रत्येक बदल तपासायला घेतला. २९ मे २०२४ रोजी त्याने ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती काढली.