तोफ कीं उखळ? रशियाच्या ‘नोना’ची हकीकत



आपल्या स्वयंपाकघरांतील उखळ आतां बहुतेक घरांतून माळ्यावर गेलें आहे. परंतु युद्धशास्त्रांत त्याचें नांव अजून टिकून आहे. आखूड नळी, रुंद तोंड आणि तें तोंड आकाशाकडे वळलेलें, अशा तोफेस मराठींत उखळी तोफ म्हणतात तें या उखळावरूनच. इंग्रजांनींहि तिला कुटण्याच्या खलाचेंच नांव दिलेलें आहे. आज जिच्याविषयीं बोलावयाचें आहे, ती तोफ मात्र धड उखळहि नव्हे आणि धड तोफहि नव्हे. सोव्हिएट सैन्यांत १९८६ सालीं दाखल झालेली, १२० मिलिमीटर व्यासाची आणि मोटारीमागें जोडून ओढून नेण्याची ही तोफ ‘नोना-के’ या नांवानें ओळखली जाते. नोना हें रशियांत बायकांचें नांव असतें. त्या देशाच्या तोफखान्यास अशीं गोड नांवें ठेवण्याची हौसच आहे. त्याच्या इतर कांहीं तोफांना तर ट्यूलिप, अकेशिया अशीं फुलाझाडांचीं नांवें मिळालेलीं आहेत.

तोफ आणि उखळ यांचें मिश्रण करण्याची गरज कां पडावी, हें समजण्यास चाळीचें अंगण पुरेसें आहे. पुढच्या अंगणांतल्या मुलास मागच्या अंगणांतल्या सोबत्याकडे चेंडू द्यावयाचा असला, तर तो कितीहि जोरानें समोर मारून उपयोग होत नाहीं. चेंडू भिंतीवर आदळून परत येतो. तोच बेतानें, पण उंच फेंकला म्हणजे छपरावरून जाऊन पलीकडे पडतो. लांब नळीच्या तोफेचा गोळा पहिल्या चेंडूसारखा जवळजवळ सरळ जातो, आणि उखळी तोफेचा दुसऱ्या चेंडूसारखा वर चढून उभा खालीं येतो. टेंकडीच्या पाठीमागें किंवा खोल नाल्यांत दबा धरून बसलेल्या शत्रूपर्यंत सरळ गोळा पोंचतच नाहीं. तो टेंकडीच्या माथ्यावर तरी फुटतो, नाहींतर शत्रूच्या डोक्यावरून दूर निघून जातो.

पायदळाचे शिपाई नेमके अशाच जागीं अडकतात. ते उतारावर पालथे पडलेले असतात, वरून गोळ्या येत असतात, आणि मोठा तोफखाना कित्येक मैल मागें, दुसऱ्याच कुणाच्या हुकमांत उभा असतो. त्यांची विनंती एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत चढत जाते, तेथें इतर पलटणींच्या विनंत्यांशीं तिची तुलना होते, मग हुकूम खालीं उतरतो. या सर्वास लागणारीं दहा-पंधरा मिनिटें उतारावरच्या माणसांना परवडणारीं नसतात. पलटणीच्या नायकापाशीं त्याची स्वतःची, कुणास न विचारतां चालवितां येणारी तोफ असावी, ही मागणी म्हणूनच फार जुनी आहे.

पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज इंजिनियरानें ती प्रथम सोप्या रीतीनें पुरविली. एक गुळगुळीत नळी, खालीं एक तबक, पुढें दोन पाय; वरून गोळा सोडला कीं तो तळाशीं आपटून पेट घेतो व उलट बाहेर उडतो. रशियांत बोरिस शावीरिन यानें याच तत्त्वावर १९३८ सालीं १२० मिलिमीटरची उखळी तोफ तयार केली. तिचें वजन २८० किलोग्रॅमच्या आसपास, गोळा सुमारें १६ किलोग्रॅमचा आणि पल्ला सहा किलोमीटरांहून किंचित् कमी. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं पाडाव केलेल्या या तोफा स्वतः वापरल्या, आणि पुढें त्याच नमुन्याबरहुकूम आपल्या कारखान्यांत नवी तोफ काढली. शत्रूनें केलेली नक्कल हें या धंद्यांतलें सर्वांत प्रामाणिक शिफारसपत्र होय.

परंतु या साध्या उखळांत उणीवाहि होत्या. गोळा वरून सोडावयाचा असल्यामुळें नळी आडवी करतां येत नाहीं. समोरून रणगाडा चालून आला तर उखळ मुकें राहतें. शिवाय गुळगुळीत नळींतून निघालेला गोळा शेपटाच्या पंखांच्या आधारानें जातो, आणि अशा गोळ्यास वारा सहज बाजूस लोटतो.

ही अडचण सर्वांत जास्त बोंचली ती हवाई छत्रीनें उतरणाऱ्या सैनिकांना. शत्रूच्या मुलखांत उतरल्यावर त्यांच्यापाशीं असतें तें पाठीवरचें आणि विमानांतून खालीं टाकतां येईल तेवढेंच. रशियाची प्रसिद्ध १२२ मिलिमीटरची ‘डी-३०’ हॉविट्झर तोफ ३२०० किलोग्रॅमांची; पंधरा किलोमीटर मारा करते खरी, पण तिच्यासाठीं मोठी गाडी हवी, आणि तिचा दारूगोळाहि तितकाच जड. म्हणजे एकीकडे हलकें पण अपुरें उखळ आणि दुसरीकडे समर्थ पण अवजड तोफ. फ्रान्समधील ब्रांट कंपनीनें १९६० च्या दशकांत पिळाच्या खांचांची उखळी तोफ तयार केली होती. सोव्हिएट तंत्रज्ञांनीं तिचा बारकाईनें अभ्यास केला, आणि मॉस्कोजवळील क्लिमोव्स्क येथील संशोधनसंस्थेंत व पेर्म येथील तोफांच्या कारखान्यांत नव्या हत्यारास आकार आला. प्रथम १९८१ सालीं ‘नोना-एस’ निघाली. ही सुमारें आठ टनांच्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या हलक्या चिलखती गाडीवर बसविलेली असून गाडीसकट छत्रीनें खालीं सोडतां येते. तिच्या मागोमाग आली ती आपली ओढून नेण्याची नोना-के.

या तोफेंतील खरी गंमत नळींत आणि गोळ्यांत आहे. नेहमीच्या लांब तोफेच्या नळीस आंतून पिळाच्या खांचा असतात. गोळ्याभोंवतीं तांब्याचा मऊ पट्टा असतो. दारू पेटली म्हणजे हा पट्टा जबरदस्तीनें खांचांत घुसतो आणि गोळा भोंवऱ्यासारखा फिरूं लागतो. फिरता भोंवरा जसा कलंडत नाहीं, तसा हा गोळाहि आपली दिशा सोडीत नाहीं. मात्र पट्ट्यास खांचांत घुसविण्यासाठीं दारूचा दाब फार मोठा लागतो. तो सोसण्यास नळी जाड हवी आणि गोळ्याचें कवचहि जाड हवें. नोनाच्या गोळ्याच्या पट्ट्यावर या खांचा कारखान्यांतच आधीं पाडून ठेवलेल्या असतात. गोलंदाजानें त्या नळीच्या खांचांशीं जुळवून गोळा आंत सारावयाचा, बरणीचें आट्यांचें झांकण जुळवून लावावें तसा. मग थोड्या दाबानेंहि गोळा फिरत बाहेर पडतो. दाब कमी म्हणून नळी हलकी, आणि कवच पातळ म्हणून पोटांत स्फोटक दारू जास्त.

याचा परिणाम आंकड्यांत पाहण्यासारखा आहे. नोनाचा नेहमींचा गोळा १९.८ किलोग्रॅमचा, त्यांत स्फोटक दारू ४.९ किलोग्रॅम. १२२ मिलिमीटरच्या हॉविट्झरचा जुना गोळा वजनानें २१.७६ किलोग्रॅम, पण त्यांत दारू मात्र ३.६७ किलोग्रॅम. म्हणजे हलक्या तोफेच्या हलक्या गोळ्याचा स्फोट जड तोफेच्या गोळ्याहून मोठा! ज्याच्यावर तो पडावयाचा त्याच्या दृष्टीनें या हिशेबाचा अर्थ काय, हें मीं सांगावयास नको.

गोळा मागून भरावयाचा असल्यामुळें नळी वाटेल तशी वळवितां येते. क्षितिजाच्या खालीं १० अंशांपासून वर ८० अंशांपर्यंत ती फिरते. डोंगराच्या कड्यावर तोफ ठेवून खालच्या दरींत मारावयाचें असो, कीं समोरच्या शिखरापलीकडे गोळा टाकावयाचा असो, दोन्हीं कामें तीच करते. रणगाडा समोर आलाच, तर त्यासाठीं चिलखत भेदणारा निराळा गोळाहि असतो. वजन सुमारें १२०० किलोग्रॅम, चालविणारीं माणसें पांच, मिनिटास आठ ते दहा बार, नेहमींच्या गोळ्याचा पल्ला ८.८ किलोमीटर आणि गोळ्यासच अग्निबाण जोडला असल्यास सुमारें तेरा. त्याखेरीज पंखांचे साधे उखळी गोळेहि तिच्यांतून उडवितां येतात, आणि ते परदेशी बनावटीचे असले तरी चालतात. शत्रूच्या मुलखांत रसद तुटलेल्या पलटणीस शत्रूच्याच कोठारांतला गोळा वापरतां यावा, हा त्यांतला हेतु आहे.

या जातीच्या तोफांची परीक्षा प्रथम अफगाणिस्तानांत झाली. १९७९ च्या डिसेंबरपासून १९८९ च्या फेब्रुवारीपर्यंत सोव्हिएट फौजा तेथें होत्या, आणि छत्रीधारी पलटणींबरोबर नोना-एस होती. पलीकडच्या उतारावर दडलेल्या टोळ्यांवर उंच मारा करावयाचा आणि जाड मातीच्या भिंतींच्या वाड्यांवर सरळ नळी रोखावयाची, हीं दोन्हीं कामें तिनें केलीं. अशा वाड्यांतून बंदूकवाले असत, तशींच बायकामुलेंहि असत. दूरवरून उडालेल्या गोळ्यास हा भेद कळत नाहीं, आणि टेंकडीआड उभ्या असलेल्या गोलंदाजासहि कळत नाहीं. त्यास लक्ष्य दिसतच नसतें. पुढें कुठें तरी दुर्बीण घेऊन बसलेला टेहळणी करणारा माणूस बिनतारी यंत्रावरून आंकडे सांगतो, आणि त्या आंकड्यांवर तोफ चालते. नव्या तोफेनें वजनाचा प्रश्न सोडविला, कोनाचा सोडविला. डोळ्याचा प्रश्न होता तसाच राहिला.

हें किती खरें आहे तें चेचन्यांतील एका रात्रीं दिसून आलें. २००० सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीस आर्गुन नदीच्या खोऱ्यांत उलुस-केर्ट गांवाजवळ, नकाशावर ७७६ असा आंकडा असलेल्या टेंकडीवर, प्स्कोव्ह येथील छत्रीधारी डिव्हिजनचे नव्वद सैनिक त्यांच्याहून कितीतरी मोठ्या संख्येच्या बंडखोरांच्या गराड्यांत सांपडले. धुकें दाट, अंधार पडलेला. विमानांचा कांहीं उपयोग नव्हता. त्यांच्या रेजिमेंटच्या नोना-एस तोफा मात्र पल्ल्यांत होत्या. म्हणजे ज्या प्रसंगासाठीं हें हत्यार घडविलें, तोच प्रसंग. टेंकडीवर कॅप्टन विक्टर रोमानोव्ह हा तोफखान्याचा अधिकारी होता. तो आंकडे सांगत राहिला आणि रात्रभर शेंकडो गोळे टेंकडीभोंवतीं पडत राहिले. पण शत्रू इतका जवळ आला होता कीं आपला आणि परका यांत गोळ्याच्या ठिकऱ्या उडण्याइतकेंहि अंतर उरलें नाहीं. रोमानोव्ह पडला. १ मार्चच्या सकाळीं पलटणीच्या नायकानें, लेफ्टनंट कर्नल येवत्युखिन यानें, आपल्याच जागेवर मारा करण्याचा संदेश धाडला, असें नमूद आहे. नव्वदांपैकीं चौऱ्यायशीं माणसें मेलीं. तोफा बिघडल्या नव्हत्या, गोळे संपले नव्हते, पल्लाहि पुरत होता.

कांहीं तज्ज्ञ या जातीच्या तोफेस सर्वगुणसंपन्न म्हणतात. मला तें पटत नाहीं. दोन कामें करणारें हत्यार दोन्हींकडे थोडें थोडें उणें पडतें. नोना-के हॉविट्झरइतकी लांब मारीत नाहीं. आणि शावीरिनच्या जुन्या उखळाचे तीन भाग करून माणसें व घोडे तें डोंगरावर चढवूं शकत, तशी ही १२०० किलोग्रॅमांची तोफ खांद्यावरून नेतां येत नाहीं; तिला मोटार हवी, आणि मोटारीस रस्ता हवा. जेथें रस्ता संपतो, तेथें साधें उखळच पुढें जातें.

युक्रेनच्या युद्धांत या तोफांपुढें आणखी एक संकट उभें राहिलें. २०१४ च्या एप्रिलांत तेथील फुटीर बंडखोरांच्या हातीं क्रामातोर्स्क येथें एक नोना-एस लागली, आणि स्लोव्ह्यान्स्कच्या वेढ्यांत तिला जागा बदलून बदलून त्यांनीं मारा केला. तेव्हां असा लपंडाव साधत होता. २०२२ पासून चित्र पालटलें. उंच चढणारा गोळा रडार-यंत्रास स्पष्ट दिसतो, आणि त्याच्या मार्गावरून तोफेची जागा मोजून काढतां येते. त्यांत भर म्हणून हातांत मावणारीं बिनमाणसाचीं विमानें दिवसरात्र डोक्यावर घिरट्या घालूं लागलीं. टेंकडीवरच्या रोमानोव्हला जें जीव देऊन पाहावें लागलें, तें आतां खंदकांत बसलेला एखादा पोरगा कांचेच्या पडद्यावर पाहतो. मात्र शत्रूच्या खंदकांतहि तसाच एक पोरगा बसलेला असतो. ओढून नेण्याच्या तोफेचे गोलंदाज आतां झाडींत खड्डा खणून, वर जाळें पसरून तिला लपवितात, चारदोन बार काढतात, आणि डोक्यावर घरघर ऐकूं आली कीं तोफ तेथेंच सोडून खड्ड्यांत उड्या घेतात.