विश्लेषण : मलेरियाचे औषध सूक्ष्मजीवांनी बनवले, तरी बाजारात शेतीच का जिंकली?

वनस्पतींमधील औषधी द्रव्ये सूक्ष्मजीवांकडून बनवून घेण्याच्या तंत्राचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे मलेरियावरील आर्टेमिसिनिन. प्रयोगशाळेत हे तंत्र यशस्वी ठरले. बाजारात मात्र शेतातल्या पिकाने बाजी मारली. असे का झाले?

आर्टेमिसिनिन म्हणजे काय?

आर्टेमिसिया अॅनुआ या वनस्पतीच्या पानांतून मिळणारे हे द्रव्य. जोतिबाला वाहिला जाणारा दवणा याच वनस्पतीचा भाऊबंद. चीनच्या तू योयो यांनी १९७०च्या दशकात ते शोधले. त्यासाठी २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जुनी औषधे निष्प्रभ ठरू लागल्यावर आर्टेमिसिनिनयुक्त मिश्र औषधे मलेरियावरचा मुख्य उपचार बनली.

मग सूक्ष्मजीवांची गरज का भासली?

लागवडीपासून औषध हाती येईपर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो. भाव चढला की लागवड वाढते, माल जास्त झाला की भाव कोसळतो आणि शेतकरी पाठ फिरवतात. कांदा उत्पादकांना हे चक्र चांगलेच ठाऊक आहे. २००५च्या सुमारास किलोला १००० डॉलरपुढे गेलेला भाव दोन-तीन वर्षांत २०० डॉलरच्या आसपास आला. पुरवठा स्थिर राहावा, हा संशोधनामागचा हेतू होता.

हे साधले कसे?

अमेरिकेतील बर्कली येथील जे कीसलिंग यांच्या गटाने २००३ मध्ये ई. कोलाय जिवाणूत यीस्टची काही जनुके आणि आर्टेमिसियाच्या जनुकाची कृत्रिम प्रत घातली. जिवाणू अमॉर्फाडाईन हा औषधाचा पूर्वघटक बनवू लागले. पुढच्या पायरीचे एन्झाइम जिवाणूंपेक्षा यीस्टमध्ये चांगले काम करते. त्यामुळे संशोधक यीस्टकडे वळले. २००६ मध्ये त्यातून आर्टेमिसिनिक आम्ल मिळाले आणि २०१३ पर्यंत उत्पादन लिटरमागे २५ ग्रॅमवर गेले. या आम्लावर रासायनिक प्रक्रिया केली की आर्टेमिसिनिन तयार होते.

बाजारात काय घडले?

सनोफी कंपनीने २०१३ मध्ये इटलीत उत्पादन सुरू केले. कारखान्याची क्षमता वर्षाला ६० टनांपर्यंत, म्हणजे जगाच्या गरजेच्या सुमारे एक तृतीयांश होती. पण तोवर पीक मुबलक झाले होते. शेतातला माल किलोला २५० डॉलरहून स्वस्त, तर कारखान्यातला ना नफा-ना तोटा तत्त्वावरही ३५० ते ४०० डॉलर. २०१५ मध्ये तेथे उत्पादनच झाले नाही. पुढे हा कारखाना बल्गेरियातील ह्युवेफार्माला विकण्यात आला. चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील छोट्या शेतकऱ्यांवरचे संकट तूर्त टळले.

मग हे तंत्र निरुपयोगी आहे का?

नाही. वनस्पती जिथे हात आखडता घेते, तिथे चित्र वेगळे आहे. कर्करोगावरील विनब्लास्टिन सदाफुलीतून मिळते. पण एका ग्रॅमसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. २०२२ मध्ये त्याचे दोन घटक यीस्टमध्ये तयार करून नंतर जोडण्यात आले. पीक सहज आणि भरपूर येत असेल, तर कारखान्याला शेताशी भावात स्पर्धा करावी लागते. द्रव्य पानांत कणभरच असेल, तर सूक्ष्मजीवांचे पारडे जड ठरू शकते.